संग्रहालयात जाताना घरातलं म्हातारं माणूस सोबत न्या

किनाऱ्यावरच्या छोट्या सागरी संग्रहालयात आपण बहुधा एकदाच जातो. शाळेची सहल असते, नाहीतर पाहुणे आलेले असतात. काचेतली जहाजं बघायची, नांगराशेजारी फोटो काढायचा आणि वीस मिनिटांत बाहेर. तिथे वर्षभर काही ना काही चालू असतं. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन, १८ मे रोजी संग्रहालय दिन, मग नारळी पौर्णिमा, डिसेंबरात नौदल दिन. त्या दिवशी मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. तेव्हा विनंती अशी की पुढच्या कार्यक्रमाला जा, आणि जाताना घरातलं किंवा वाडीतलं, समुद्रावर उमर काढलेलं एक म्हातारं माणूस सोबत न्या.

असं का म्हणतो ते सांगतो. होडीपुढच्या पाटीवर लिहिलेलं असतं: ‘मासेमारीची होडी, लाकूड, विसावं शतक’. तीच होडी एखाद्या जुन्या तांडेलाला दाखवा. तो आधी वाकून फळ्यांचे सांधे बघेल. सांध्यात कापूस कसा ठासायचे, तो किती घट्ट बसला म्हणजे पाणी शिरत नाही, हे बोटाने दाबून दाखवेल. तळाला मोरीच्या काळजाचं तेल चोपडायचे, त्याचा वास आठवडाभर हाताला राहायचा आणि घरचे जेवायला लांब बसवायचे, हेही सांगेल. लाकूड कोणतं, ते कुठून आणलं, ती घडवणारा सुतार कोणत्या गावचा, पावसाळ्याआधी ती ओढून वर घ्यायला किती माणसं लागायची, हे सगळं त्याच्याकडे आहे. पाटी लिहिणाऱ्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं. आता बहुतेक होड्या फायबरच्या झाल्या, त्यामुळे हे सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत जाणार.

सागरी दिनाचंच बघा. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून हा दिवस. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी इंग्रजी कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेलं ते आव्हान होतं. भाषणात हे दरवर्षी येतं आणि यायलाच हवं. पण पुढे अशाच जहाजांच्या इंजिनघरात कोळसा ओढणारे, डेक धुणारे खलाशी दाभोळ-बाणकोटच्या बाजूचेही होते. त्यांच्या नातवंडांना त्या दिवशी बोलावलंय असं फारसं कधी ऐकलं नाही. घरात आजोबांचं खलाशाचं जुनं पुस्तक, बंदरांचे शिक्के मारलेलं, ट्रंकेत पडलेलं असेल तर त्या दिवशी ते घेऊन जा.

१७ जुलै ही तारीख तर रेवस-मांडव्याकडच्या कित्येक घरांत अजून दुखते. १९४७ साली त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं होतं, त्या धामधुमीत ही बातमी मागे पडली. जे वाचले ते आता जवळपास सगळे गेले, पण त्यांच्याकडून ऐकलेले लेक-सुना आहेत. अशा दिवशी व्याख्यान ठेवू नका. चार घरच्या माणसांना बसवा, मोबाइलवर आवाज टिपून ठेवा आणि ती ध्वनिफीत संग्रहालयाला द्या. बोलणाऱ्याची परवानगी मात्र आधी घ्या, आणि रडू आलं तर फोन खाली ठेवा.

आयोजकांनाही एक सांगायचं आहे. बरेच कार्यक्रम नोव्हेंबर-डिसेंबरात होतात, कारण तेव्हा पर्यटक येतात. पण तेव्हा कोळी असतो समुद्रावर! आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा माणसं घरी असतात, जाळी विणत असतात, बोलायला सवड असते. सभागृह गळत नसेल तर पावसाळ्यासारखा मोसम नाही. हंगामातच काही करायचं असेल तर तिथी बघा. उधाणाच्या दिवसांत डोल लावणाऱ्यांना उसंत नसते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी, तेव्हा ते सापडतात. हे न विचारता रविवार ठरवला की मग ‘समाज येत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

तिथीवरून आठवलं. मुलांना घेऊन जाणार असाल तर तिथल्या कुणाला तरी भरतीचं गणित शिकवायला सांगा. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, शुद्ध असो की वद्य. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, गावागणिक फरक पडतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. मुलाने घरी हिशेब करायचा, संग्रहालयाच्या मागच्या धक्क्यावर जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि चुकलं तर तांडेलकाकांना कारण विचारायचं. याला खर्च शून्य. रंगभरण स्पर्धेत तेच जहाज चाळीस मुलांनी निळं रंगवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दोरीच्या गाठींचंही तसंच. गाठ बघून येत नाही, हातात दोरी लागते, आणि शेजारी चुकीवर हसणारा एक म्हातारा लागतो.

सिएटलला मुलाकडे-मुलीकडे जाणारे आपल्यात आता बरेच आहेत. तिथे लेक युनियनच्या काठी लाकडी होड्यांचं एक केंद्र आहे. सत्तरच्या दशकात एका जोडप्याच्या हौसेतून ते सुरू झालं. तिथल्या संग्रहातल्या होड्या नुसत्या ठेवलेल्या नसतात, माणसं त्या वल्हवतात. रविवारी स्वयंसेवक लोकांना फुकट शिडाच्या होडीतून फिरवून आणण्याची तिथली जुनी प्रथा आहे. गेलात तर मॉलचा एक रविवार वाचवून तिथे जा. आपल्याकडे जीवरक्षक जाकिटं आणि विमा यांची सोय झाल्याशिवाय कुणाला पाण्यात नेऊ नये, हे खरंच. पण धक्क्याला बांधलेल्या होडीत बसून वल्हं मारून बघायला काय हरकत आहे?

मुंबईकरांसाठी बॅलार्ड इस्टेटमधलं १९२० सालचं बंदर गेटहाऊस आहे. नौदलाने ते जपलं आणि आत छोटं सागरी दालन केलं. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ साली स्थापन केलेली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी व्याख्यानं आणि वारसा फेऱ्या करत असते. निघण्याआधी वेळ विचारून घ्या, अशा जागा रोज उघड्या असतीलच असं नाही. नौदलाची जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ भंगारात गेली तेव्हा आपण सगळेच हळहळलो. १९९७ साली निवृत्त झालेलं ते जहाज मुंबईत संग्रहालय म्हणून उभं होतं, २०१२ साली सुरक्षिततेसाठी बंद झालं, ते परत उघडलं नाही. एवढ्या मोठ्या जहाजाची देखभाल तुमच्या-माझ्या हातात नव्हती. दोन खोल्यांच्या संग्रहालयाची थोडीफार आहे.

बायकांचं वेगळं सांगायला हवं, कारण सागरी संग्रहालयात त्या दिसतच नाहीत. होडी, तोफ, नांगर, सगळा पुरुषांचा कारभार. वलांडीवर बोंबील कसे अडकवायचे, कुठल्या वाऱ्यात लवकर वाळतात, टोपली डोक्यावर घेऊन कुठल्या गावापर्यंत चालत जायचं, उधारी कशी लक्षात ठेवायची, हे कुणी नोंदलं आहे? आई-आत्याला घेऊन जा आणि संयोजकांना सांगा की पुढचा कार्यक्रम हिचा ठेवा.

आता द्यायच्या वस्तूंविषयी. जुनं होकायंत्र, कंदील, वल्हं द्यायचं असेल तर आधी घासूनपुसून चकचकीत करू नका. त्यावरचे ओरखडेच त्याची माहिती असते. फोटोच्या मागे पेनने लिहू नका, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. समुद्रातून निघालेलं भिजलेलं लाकूड उन्हात ठेवलं की तडकतं. ओलंच राहू द्या आणि फोन करा. जाळ्यात जुना दगडी नांगर आला तर जागा टिपून घ्या आणि तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. सिंधुदुर्ग-विजयदुर्गच्या पाण्यातून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने असेच नांगर शोधून नोंदले आहेत. वस्तू कायमची द्यायची की काही वर्षांसाठी, हे कागदावर ठरवा आणि पोच घ्या. ओळखीचेच आहेत म्हणून पोच मागायला लाजू नका.

निघताना अभिप्रायाची वही पुढे येईल. तिथे ‘खूप छान’ लिहू नका. तुमचं गाव, घरच्या होडीचं नाव, तांडेल कोण होता आणि कुठल्या पाटीवर काय चुकलंय, एवढं लिहा.