श्वासाची चिंता कोणी वाहायची?

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडावा परिसरातला कापूस दिवाळीनंतर जिनिंगच्या वाटेला लागतो. भावावर चर्चा झडतात, वजनावरून वाद होतात, प्रसंगी आंदोलनेही होतात. ती व्हायलाच हवीत. परंतु सरकीपासून रुई वेगळी करणारा कामगार दिवसभर कोणत्या हवेत श्वास घेतो, याची चर्चा कुठेच ऐकू येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हेच त्याचे कवच! रुमालाने तंतू अडतात. छातीत उतरणारी सूक्ष्म धूळ अडत नाही.

या धुळीने होणाऱ्या विकाराला वैद्यकशास्त्र ‘बिसिनोसिस’ म्हणते. साप्ताहिक सुटीनंतर कामावर येताच पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढे बरे वाटते. म्हणून कामगार दुखणे अंगावर काढतो. वेळीच धुळीपासून दूर झाल्यास त्रास ओसरतो. दुर्लक्ष केल्यास फुप्फुसांची हानी कायमची होते.

१९४८च्या कारखाना कायद्याने खेळती हवा आणि धूळ उगमापाशीच ओढून घेणारी यंत्रणा बंधनकारक केली होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. विखुरलेले कायदे एकत्र आले, हे स्वागतार्हच. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची अट दहावरून वीसवर गेली. लहान उद्योगांवर मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये कायम असली, तरी कारखान्यांवरील विशेष देखरेख तेथे सैल पडण्याची भीती आहे. कामगार पंधरा असोत वा पन्नास, फुप्फुसे सर्वांची सारखीच असतात. राज्य शासनाने याचा विचार करावा.

खर्च परवडत नाही, असे मालक म्हणतील. पण यंत्राजवळ शोषक पंखा बसविणे, काम चालू असताना कोरडा झाडू न मारणे, हंगामाच्या आरंभी व अखेरीस श्वसनतपासणी करणे, या काही अशक्य गोष्टी नव्हेत.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली स्थापन केलेला भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. कापसाचा हंगाम त्यानंतर लवकरच सुरू होतो. त्या दिवशी यंत्राला हळदकुंकू वाहताना, ते चालविणाऱ्याच्या श्वासाची काळजी घेण्याचाही संकल्प आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या जिनिंगमध्ये करवून घ्यावा. आपल्या परंपरेने वायूला प्राण मानले आहे. तो श्रमिकाच्या वाट्याला शुद्ध यावा, एवढीच अपेक्षा.