टायट्रेशन खरं करा, स्फोट व्हर्च्युअल होऊ दे!

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता. केमिकल इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चहा पिता पिता म्हणाला, "मामा, आमच्या कॉलेजात व्हीआर लॅब झालीय." मी पडलो सॉफ्टवेअरवाला, लगेच कान टवकारले.

"काय करता तिथे?"

"टायट्रेशन."

"आणि?"

"आणि काही नाही. एकदा केलं. मग कमिटी येऊन गेली, आता हेडसेट कपाटात. किल्ली सरांकडे."

हसलो खरा, पण नंतर चिडचिड झाली. अहो, टायट्रेशनला लागतं काय? एक ब्युरेट, एक फ्लास्क, दोन थेंब इंडिकेटर. ते सोडून डोक्याला अर्धा किलोचं यंत्र बांधून हवेत हात हलवायचे? एक थेंब जास्त पडून सगळं गुलाबी होणं आणि परत पहिल्यापासून करायला लागणं, हेच तर शिक्षण आहे!

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. जे खरं करता येतं ते खरंच करा. व्हीआर तिथे वापरा जिथे खरं करून बघणं म्हणजे जिवाशी खेळ.

असं उदाहरण शोधायला आम्हा डोंबिवलीकरांना लांब जायला नको. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४. दोन्ही वेळा एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात स्फोट, दोन्ही वेळा दहाच्या आसपास किंवा जास्तच माणसं गेली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. कोणाची चूक, हे चौकशीवाल्यांचं काम, मी त्यात पडत नाही. पण रिअ‍ॅक्टर हाताबाहेर कसा जाऊ शकतो ते पुस्तकात आहे. उष्णता देणारी अभिक्रिया असेल तर तापमान वाढेल तसा तिचा वेग पटीपटीने वाढतो. ती उष्णता ओढून नेणारं गार पाणी मात्र तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच काम करतं. एका टप्प्यानंतर पाणी हरतं. बस्स.

भाचा हे गणित पुढे पेपरात सोडवेल, मार्कही मिळवेल. पण पाण्याचा पंप बंद पडलाय, एकदम चार अलार्म वाजतायत, व्हॉल्व्ह खालच्या मजल्यावर आहे आणि हातात काही मिनिटं आहेत, अशा वेळी आधी काय करायचं? कुठल्या जिन्याने पळायचं? वारा कुठल्या दिशेला आहे? हे पेपरात येत नाही. आणि पहिल्यांदा समोर येईल ते नोकरीत, खरोखरचं. विमानवाले याबाबतीत शहाणे. एडविन लिंकने १९२९ साली पायलटसाठी सिम्युलेटर बनवला. आज इंजिन बंद पडण्याची तालीम जमिनीवर केल्याशिवाय कोणी प्रवासी विमान उडवत नाही. रिअ‍ॅक्टर चालवणाऱ्याने मात्र थेट प्रयोग करायचा?

लगेच कोणीतरी म्हणेल, खर्च कोण करणार? अहो, खर्च हेडसेटचा असतो, आणि तीच चूक आहे. गूगलने २०१४ साली पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला, २०२१ साली विकणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली होलोलेन्स २ चं उत्पादन थांबवलं. हार्डवेअर असं दर काही वर्षांनी भंगारात जातं, समीकरणं तीच राहतात. रिअ‍ॅक्टरचं मॉडेल म्हणजे मोजकी समीकरणं, साध्या ब्राउझरमध्ये, मोबाईलवरही चालतील. आधी ते नीट करा. मग जिने, धूर, आवाज, पळायची वाट यांच्यासाठी हेडसेट घाला.

आपल्याकडे हे नवीनही नाही. केंद्र सरकारचा व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्प २००९ च्या सुमारास सुरू झाला, त्यात आयआयटी मुंबईही आहे. लॉकडाऊनमध्ये त्याचा आधार झाला, मान्य. पण "ऑनलाइन आहे ना, मग खरी लॅब कशाला" असं म्हणायची सोय त्यातून होता कामा नये.

राज्य सरकारने २०२५ साली अ‍ॅनिमेशन, गेमिंग आणि एक्सआरचं धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा. त्यातला चिमूटभर पैसा इकडे वळवा की! इथली इंजिनियरिंग कॉलेजं, कारखानदारांची 'कामा' संघटना आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय एका टेबलावर बसले तर पलावा ते कल्याण जायला लागतो तेवढ्या वेळात ठरेल. (ट्रॅफिक धरून.)

असो. भाच्याला म्हटलं, उद्या सरांकडे जा आणि कपाटाची किल्ली माग. टायट्रेशनला नाही म्हणावं, स्फोट करायचाय.