भेट : वस्तूची आणि सहवासाची

मराठीत ‘भेट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. प्रेमाने दिलेली वस्तू म्हणजे भेट आणि दोन माणसांनी एकमेकांना भेटणे हीही भेटच. दिवाळीच्या सुटीत नातवंडांची वाट पाहणाऱ्या आजीच्या मनात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत असतात. मुले येणार म्हणून ती घर आवरते, चकलीची भाजणी दळून आणते आणि त्याच वेळी ‘यंदा मुलांना काय द्यावे?’ या विचारात पडते. प्रश्न साधा दिसतो. परंतु घरातील नाती कशावर उभी राहावीत, हा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे.

एके काळी निवड करण्याजोगे फारसे नसे. नवे कपडे, थोडे फुलबाजे, फार तर जत्रेतले लाकडी खेळणे, एवढ्यात मुलांची दिवाळी साजरी होई. आज बाजार घरात आणि मोबाइलवर येऊन ठेपला आहे. वस्तू अगणित आहेत आणि प्रत्येक वस्तूवर किंमत ठळक छापलेली आहे. त्यामुळे भेटवस्तूंची नकळत तुलना होऊ लागते. एका आजीने सायकल दिली, तर दुसऱ्या आजीला आपली रंगपेटी हलकी वाटू लागते. जिचा संसार तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर, रोजच्या मजुरीवर किंवा मुलाने दिलेल्या पैशांवर चालतो, तिला तर ही तुलना फारच बोचते. काही जणी औषधाच्या पैशांना कात्री लावून किंवा उसनवारी करून महाग वस्तू आणतात. यामागील माया खरी असली, तरी हा मार्ग योग्य नाही, असे मला वाटते. किमतीच्या शर्यतीला शेवट नसतो. पुढच्या वर्षी त्याहून महाग वस्तू द्यावी लागते आणि मुलेही माणसाची पारख वस्तूवरून करू लागतात.

मग निवड कशी करावी? आजीने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ‘ही वस्तू हाती आल्यावर मूल माझ्याजवळ येईल, की माझ्यापासून दूर जाईल?’ पडद्यावरचा खेळ घेऊन मूल कोपऱ्यात जाऊन बसते. त्याला आजीची गरज उरत नाही. सारीपाट, बुद्धिबळ किंवा सागरगोटे दिले, तर खेळायला कोणीतरी समोर बसावे लागते. सावंतवाडीचे गंजिफे हे असेच एक उदाहरण. या गोल, हातांनी रंगवलेल्या पत्त्यांच्या दशावतारी संचात १२० पत्ते असतात. विष्णूच्या दहा अवतारांच्या दहा रंगांत ते विभागलेले असतात. प्रत्येक रंगामागे एक कथा आहे आणि ती सांगणारे कोणी नसेल, तर तो नुसता रंगीत पत्ता उरतो.

पुस्तकांचेही तसेच आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाबरोबर वाचनाची परंपरा मराठी घरांत रुजत गेली. मुलांसाठी बालभारतीने १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. असा एखादा अंक नातीला दिला आणि ‘यातली एक गोष्ट मला रोज वाचून दाखव,’ असे सांगितले, तर एका अंकात पंधरा दिवसांची सोबत सामावते. आजीची दृष्टी अधू असेल किंवा तिला वाचता येत नसेल, तर ती विनंती अधिकच खरी ठरते.

काही भेटी जवळजवळ विनामूल्य असतात. दिवाळीत महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड रचून, वर पोते अंथरून, त्यावर चिखल लिंपून बुरूज उभे राहतात. गवतासाठी अळीव किंवा मोहरी पेरतात आणि तिचे हिरवे अंकुर चार-पाच दिवसांत डोके वर काढतात. मूठभर मोहरी आणि मातीचे चार मावळे एवढीच आजीची भेट असली, तरी तिच्या पोटात कितीतरी काम आणि बोलणे असते. पाणी किती शिंपडायचे, तट का ढासळतो, हे सांगायला अनुभवी माणूस लागते. अंगण नसलेल्या सदनिकेत हाच किल्ला गॅलरीतल्या परातीतही होतो. करंजीला मुरड घालणे किंवा जुन्या लुगड्याची गोधडी शिवणे यांतही हेच घडते. हात कामात गुंतले, की मुले मनातले बोलू लागतात. समोर बसवून विचारल्यावर जे कळत नाही, ते शेजारी बसून काम करताना सहज कळते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या सहवासाचे मोल अधिक आहे. दिल्ली, बंगळूर, इंदूर किंवा बडोदे येथे वाढणाऱ्या मुलाची शाळेची आणि मित्रांची भाषा निराळी असू शकते. अशा घरात आजी ही मराठीची चालती-बोलती शाळा असते. आत्या, मावशी, काकू आणि मामी यांतला फरक मुलाला तिच्या तोंडूनच समजतो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला राज्य स्थापन केले. त्या काळापासून तमिळ प्रदेशात वसलेल्या मराठी कुटुंबांनी तीनशेहून अधिक वर्षे आपली बोली टिकवली. भोवतालची भाषा वेगळी असताना हे घडू शकले, याचे मोठे श्रेय घरातल्या बोलण्याला द्यावे लागेल.

‘मी अडाणी, मी मुलांना काय देणार?’ असे म्हणणाऱ्या आजींनी बहिणाबाई चौधरींची आठवण ठेवावी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या ओव्या रचत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक आप्त यांनी त्या ऐकून टिपून ठेवल्या, म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्या पुस्तकरूपाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचल्या. घरातल्या कोणी कान देऊन ऐकलेच नसते, तर हे धन त्यांच्याबरोबरच लोपले असते.

सहवासात देणे एकाच बाजूने होत नाही. ठाणे जिल्ह्यातील फांगणे या गावात ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या आणि घरी नातवंडे त्यांचा अभ्यास घेऊ लागली. ज्या वयात माणूस स्वतःला निरुपयोगी समजू लागते, त्या वयात नातवाने हात धरून अक्षर गिरवून घेणे याहून मोठी भेट कोणती? आजीला सही करायला शिकवणाऱ्या नातीलाही आपण कोणाला काही देऊ शकतो, याचा आनंद मिळतो.

यावर एक आक्षेप येईल. सहवास हवा हे खरे, पण वेळ कुठून आणायचा? कित्येक आजी आजही धुणीभांडी करतात, शेतात राबतात. मुले दूरच्या शहरांत असतात आणि सुटीतही त्यांच्यामागे शिकवण्या असतात. ही अडचण खोटी नाही. म्हणूनच थोडा परंतु ठरलेला वेळ महत्त्वाचा ठरतो. दर रविवारी मोबाइलवर समोरासमोर बोलून एखादी लांब गोष्ट क्रमशः सांगता येते. मोबाइल माणसांना जोडत असेल, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र मूल रडू नये म्हणून त्याच्या हाती मोबाइल देणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एका तासाच्या आत ठेवावा. मूल बसून असेल, तेव्हा मोठ्यांनी त्याला वाचून दाखवावे, गोष्टी सांगाव्यात, असेही त्यात सुचवले आहे. आजीबाईंचे जुने काम आता आरोग्यतज्ज्ञही सांगू लागले आहेत.

वस्तू विकत घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. नव्या वस्तूचा आनंद मुलांनाही हवा असतो. घेताना काही पथ्ये पाळावीत. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह असणे आवश्यक झाले आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. ते चिन्ह पाहावे आणि लहान मूल गिळू शकेल असे सुटे भाग किंवा बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या टाळाव्यात. नातीला भातुकली आणि नातवाला बॅट, ही ठरावीक वाटणीही सोडून द्यावी. मुलीला पाना आणि मुलाला पोळपाट दिल्याने काही बिघडत नाही, उलट दोघांचे हात कामाला वळतात. मुलांच्या आईवडिलांना विचारून वस्तू घेतल्यास घरात कटुता येत नाही. आणि भेट देताना उपदेश आवरता घ्यावा. ‘आमच्या वेळी असे नव्हते,’ हे वाक्य वारंवार कानी आले, की मुले हळूच उठून जातात.

तात्पर्य, आजीची ऐपत किती, हा भेटीचा निकष नव्हे. परवडेल तेवढीच वस्तू घ्यावी आणि तिच्याबरोबर आपला थोडा वेळ द्यावा. मुलांच्या आईवडिलांनीही सुटीचे काही दिवस शिकवण्यांपासून राखून ठेवावेत, कारण आजीने वेळ काढला आणि मूलच मोकळे नसले, तर तिची भेट स्वीकारणार कोण?