मेमरी चिपही झिजते: टेस्लाच्या रिकॉलमधून काय शिकायचं?

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाने अमेरिकेत जवळपास १ लाख ३५ हजार जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या रिकॉल केल्या. बॅटरी ठीक, मोटरही ठीक. बिघाड होता टचस्क्रीनमागच्या ८ जीबीच्या मेमरी चिपमध्ये. ती संपली की स्क्रीन काळी पडायची आणि रिव्हर्स कॅमेरा दिसायचा नाही. म्हणून तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने हा सुरक्षेचा प्रश्न मानला.

चिप 'संपते' म्हणजे काय? फ्लॅश मेमरी वहीच्या पानासारखी असते. लिहिलेलं खोडता येतं, पण तेच पान किती वेळा खोडणार? या चिपची मर्यादा होती सुमारे ३,००० वेळा. रॅम म्हणजे पाटी. हवं तितकं लिहा-पुसा, पण वीज गेली की सगळं साफ.

टेस्लाची ही स्क्रीन लिनक्सवर चालते. लिनक्समध्ये अनेक प्रोग्राम 'मी आत्ता काय केलं' याची नोंद ठेवतात. हाच लॉग. या नोंदी सतत फ्लॅशवर लिहिल्या जात असल्याने चिप झिजते, असं गाड्या दुरुस्त करणारे तंत्रज्ञ २०१९ पासूनच सांगत होते. एक ओळ लिहायलाही चिपला काही केबींचं अख्खं पान वापरावं लागतं. त्यामुळे झीज दिसते त्यापेक्षा खूप जास्त होते.

मग उपाय काय? छोट्या लिनक्स डिव्हाइसमध्ये फोल्डरचे सरळ तीन गट करायचे. मूळ सिस्टीम फक्त वाचण्यापुरती. लॉग आणि तात्पुरत्या फाइल रॅममध्ये. आणि पासवर्ड, सेटिंग, युजरचा डेटा यांच्यासाठी फ्लॅशवर वेगळी, कायमची जागा. राउटरमध्ये वापरली जाणारी ओपन-डब्ल्यूआरटी सिस्टीम साधारण असंच करते. म्हणून लाईट जाऊन आली तरी तुमचा वायफायचा पासवर्ड टिकतो, जुना लॉग मात्र उडतो.

इथेच खरी अडचण आहे. डिव्हाइस अचानक बंद पडलं तर कारण शोधायला तोच लॉग लागतो, आणि तो तर रॅमसोबत गेला! त्यामुळे मधला मार्ग काढावा लागतो: फक्त गंभीर एरर फ्लॅशवर लिहायच्या, फाइलच्या साइझला मर्यादा घालायची आणि प्रत्येक ओळ वेगळी न लिहिता थोड्या थोड्या वेळाने एकत्र लिहायच्या.

कॉलेज प्रोजेक्टला रास्पबेरी पाय वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टीम' हा पर्याय आहे. तो चालू केला की एसडी कार्डवरचं लिहिणं थांबतं. पण सेन्सरचा डेटा जपायचा असेल तर आधी वेगळं पार्टिशन करा, नाहीतर रीस्टार्टनंतर हाती काहीच उरणार नाही.

रिकॉलच्या वेळी हा दोष आहे हे टेस्लाला मान्य नव्हतं. असे भाग गाडीच्या आयुष्यभर टिकावेत ही अपेक्षाच अवास्तव आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. ग्राहकाच्या बाजूने हे पटणारं नाही. गाडी दहा-पंधरा वर्षं वापरायची असते, आणि आतली चिप किती लिहिणं सोसते हे कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. आता स्कूटरपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे अशा चिप आहेत. घेताना रॅम-स्टोरेज विचारता, तसं हेही विचारा: ही चिप गेली तर ती वॉरंटीत येते का, आणि फक्त चिप बदलता येते की अख्खा बोर्ड?