गिधाडाची निंदा

लाचखाऊ अधिकाऱ्यास किंवा लोभी सावकारास ‘गिधाड’ म्हणण्याची आमच्याकडे रूढी आहे. परंतु गिधाड बहुधा मेलेलेच खाते. सावकार तर जिवंतालाच सोलतो. मग ही उपमा जुळली कोठे?

गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या अरण्यात सुशिक्षित मंडळी वाघ पाहावयास जातात. वाघ दिसला की धन्यता. त्यानेच टाकलेल्या गव्याच्या सांगाड्यापाशी मात्र नाकाला रुमाल! मारणे हे शौर्य आणि मेलेले साफ करणे हे ओंगळ, हा न्याय निसर्गाचा नव्हे, आमच्या सोवळ्याचा होय. ज्या समाजाने मेलेली ढोरे ओढण्याचे काम काही माणसांवर लादिले आणि वर त्यांनाच वेशीबाहेर बसविले, त्याला तो नवा नाही.

या तुच्छतेमुळेच गिधाडे नाहीशी होताना कोणाचे लक्ष गेले नाही. १९९० नंतरच्या अवघ्या दीड दशकात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९ हून अधिक घटली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ साली उघडकीस आले. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर गावोगाव कुजणाऱ्या ढोरांवर भटकी कुत्री पोसली गेली होती.

हळहळ पुरे. गावी गोठा असेल त्यांनी गुरांसाठी गिधाडास निरुपद्रवी असे मेलॉक्सिकॅमच मागावे. आणि लाचखाऊस दुसरे नाव शोधावे.