टाकाऊ उष्णता आणि टाकाऊ दावे
‘वातानुकूलन यंत्राने बाहेर टाकलेल्या उष्णतेपासून वीज बनवून तेच यंत्र चालवू’ हा दावा विज्ञानवार्तांत पुनःपुन्हा डोके वर काढतो. उष्णतेपासून मिळणाऱ्या कार्याची कमाल मर्यादा तापमानांवर ठरते, हे सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच दाखवले. बाहेर ३५ आणि कंडेन्सर ५० अंश सेल्सिअस असताना आदर्श इंजिनही ५ टक्क्यांहून कमीच उष्णता विजेत बदलेल. शिवाय उष्णतेच्या वाटेत बसवलेले ते इंजिन कॉम्प्रेसरचा वीजखर्च वाढवील. सिमेंट भट्टीच्या सुमारे ३०० अंशांच्या वायूंपासून मात्र वीज खरोखर होते. ९० अंशांच्या पाण्यावर शोषण-शीतयंत्र थेट थंडावा देते. विद्यार्थ्यांनो, उष्णता किती, याआधी ती किती अंशांची, हे विचारा. तापमान लपवणारी बातमी विज्ञान नव्हे, जाहिरात होय.