सल्लागार म्हणावे आणि राबवून घ्यावे

‘सल्लागार’ हा मराठी माणसाच्या कानाला भारदस्त वाटणारा शब्द आहे. तो उच्चारताच डोळ्यांपुढे येतो तो पिकल्या केसांचा, चार पावसाळे अधिक पाहिलेला गृहस्थ. त्याने मोजके बोलावे आणि इतरांनी कान देऊन ऐकावे. मुंबई, ठाणे, ऐरोली आणि पुणे येथील काचेच्या इमारतींत आज हाच शब्द तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलामुलींच्या गळ्यातील ओळखपत्रावर छापलेला दिसतो. त्यांना सल्ला कोणी विचारीत नाही. तक्ते भरावयाचे, आकडे जुळवावयाचे, क्लायंटला उद्या सकाळी दाखवावयाच्या सादरीकरणाची पाने आज रात्री तिसऱ्यांदा बदलावयाची, हे त्यांचे काम. ते कौशल्याचे आहे याविषयी वाद नाही. परंतु ते सल्ला देण्याचे काम नसून राबण्याचे काम आहे. आणि राबणाऱ्याला असे वजनदार नाव दिल्याने कोणाचे काय साधते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

हा विचार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांकडे पाहून करावा, असे आम्हांस वाटते. ही तिन्ही गावे कष्टावर उभी राहिलेली आहेत. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून उखडून आलेल्या निर्वासितांनी संसार मांडला आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथ शिलाहारांच्या शिवमंदिरासाठी प्रसिद्ध खरे, पण तेथील घरांच्या चुली पेटल्या त्या विम्कोच्या आगपेट्यांवर आणि आयुधनिर्माणीच्या पगारावर. बदलापूरची कथा निराळी. दादर-गिरगावात खोली परवडेना, डोंबिवलीही महाग झाली, तेव्हा मराठी मध्यमवर्ग रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने येथवर सरकत आला. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या शिरगणतीत 98 हजारांच्या आत होती. 2011 मध्ये ती 1,74,226 झाली. दुकानदाराचा, कारखान्यातील फिटरचा आणि कारकुनाचा मुलगा आज बी. कॉम., सी. ए., इंजिनिअर होऊन ‘सल्लागार’ म्हणून बाहेर पडतो, तो या घरांतून. घराचा हप्ता बहुधा त्याच्याच नावावर असतो, हेही येथे ध्यानात ठेवावे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर 58, अंबरनाथ 60 आणि बदलापूर 68 किलोमीटरवर आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी असली तर घराच्या उंबरठ्यापासून कचेरीच्या खुर्चीपर्यंत पावणेदोन ते दोन तास जातात आणि परततानाही तितकेच. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस गेले तरी साडेसतरा ते वीस तास केवळ ये-जा करण्यात खर्ची पडतात. ते कोणाच्याही हिशेबात धरले जात नाहीत. त्या प्रवासाला सुखाचा प्रवास म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. 9 जून 2025 रोजी सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसे रुळांवर पडून मेली, हे वाचक विसरले नसतील. रात्री नऊला साहेब म्हणाले, “जरा एवढे बदलून दे,” तर पवईत वा ठाण्यात राहणाऱ्याचे जेवण लांबते. बदलापूरवाल्याला मध्यरात्रीनंतरची शेवटची कर्जत गाडी गाठावी लागते, आणि ती चुकली तर फलाटावरचे बाक आहेच. ज्याच्या बापाला मुंबईत घर घेता आले नाही, त्याला तीच बढती अधिक महाग पडते.

अंबरनाथच्या कारखान्यांत ज्यांची हयात गेली, त्यांना जादा कामाचा अर्थ सांगावा लागत नाही. भोंगा झाला की पाळी संपली. पुढे थांबलास तर तुझे तास वहीत चढले आणि दुप्पट दराने पगारात आले. हा हक्क कोणी खिरापतीसारखा वाटलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि सहा वर्षे झगडून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा मालकांना सूर्य मावळण्याची अडचण उरली नाही आणि कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. तो पुन्हा आखूड करण्यास चाळीस वर्षे लागली. 1922 चा कायदा, 1934 चा कायदा असे करीत करीत आठवड्याचे 48 तास 1946 साली ठरले. ती सुधारणा मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे रेटली होती. दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्यांसाठी कायदा करण्याचा पहिला मान तर मुंबई प्रांताचाच, 1939 चा. गिरणीतील विजेच्या दिव्याने जे केले, तेच आज लॅपटॉप करतो आहे. फरक इतकाच की, दिवा गिरणीतच राहत असे. लॅपटॉप पाठीवरून घरी येतो.

तर मग हा शिकलासवरलेला तरुण गप्प का? याचे उत्तर बढतीच्या शिडीत आहे. आपल्याकडे जुन्या कचेऱ्यांत ‘उमेदवार’ नावाचा एक प्राणी असे. जागा रिकामी होईल या उमेदीवर तो बिनपगारी अथवा नाममात्र पगारावर कारकुनी करी. वर्षे जात, जागा कधी मिळे, कधी साहेबाच्या भाच्याला मिळे. सल्लागार कंपन्यांनी ही उमेदवारी पगारी केली आहे, एवढेच. त्यांची रचना मनोऱ्यासारखी असते: तळाशी विश्लेषक आणि ज्युनियर कन्सल्टंट पुष्कळ, वर सीनियर कन्सल्टंट, त्यावर मॅनेजर, आणि शिखरावर मोजके पार्टनर. शिखरावर जागा थोड्या आहेत, हा काही अपघात नाही. नफा त्याच रचनेतून निघतो. क्लायंटशी ठरावीक रकमेचा सौदा होतो. त्यात मुलांनी चारशे तास खर्च केले काय आणि सहाशे केले काय, येणारी रक्कम तीच. म्हणून अंदाजाबाहेरचे तास टाइमशीटमध्ये लिहू नयेत, असे सूचकपणे सांगितले जाते, अशी या धंद्यात सर्वत्र ओरड आहे. वर्षअखेरीस सहकाऱ्यांशी तुलना करून श्रेणी लागते. तेव्हा शेजारचा अकरापर्यंत बसतो म्हणून हा बारापर्यंत बसतो, आणि हाती प्रकल्प नसेल तर ‘बेंच’वर पडण्याची धास्ती. येथे मुकादमाची गरजच उरत नाही. दोन उमेदवार समोरासमोर बसवले की काम आपोआप होते.

या उमेदवारीची किंमत किती, हे आकड्यांत पाहावे. समजा एक मुलगी दिवसाला बारा तासांप्रमाणे सहा दिवस काम करते. सहावा दिवस घरून, पण काम ते कामच. आठवड्याचे तास झाले 72, म्हणजे कायद्याच्या 48 वर 24. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर. चोवीस तासांचे दुपटीने झाले अठ्ठेचाळीस तासांचे वेतन. म्हणजे दर आठवड्याला एक पूर्ण पगार ती कंपनीच्या तिजोरीत सोडून येते! दोन-तीन वर्षांनी मिळणाऱ्या बढतीत शेकडा पंधरा-वीस वाढ मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्या आईबापांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

मग कायदा काय करतो? येथेच त्या भारदस्त शब्दाचे इंगित आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय अथवा पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदावरील माणसास हा कायदा लागू नाही. कामगाराला ‘सल्लागार’ म्हटले आणि त्यापुढे ‘सहायक व्यवस्थापक’ असे शेपूट जोडले, की तास मोजण्याची कटकट संपली, अशी समजूत कचेऱ्याकचेऱ्यांतून रूढ झाली आहे. ती चूक आहे. माणूस कामगार आहे की नाही, हे त्याच्या पदाच्या पाटीवरून नव्हे तर तो मुख्यत्वे कोणते काम करतो यावरून ठरवावे, असे आपली न्यायालये वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या श्रमसंहितांतही महिना 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा जो वगळला आहे, तो पर्यवेक्षक. ज्या पोराच्या हाताखाली एक माणूस नाही, ते पर्यवेक्षण कोणाचे करते? स्वतःच्या झोपेचे?

पुण्याची 2024 सालची घटना या संदर्भात टाळता येत नाही. अर्न्स्ट अँड यंग या जगद्विख्यात संस्थेच्या पुण्यातील कार्यालयात मार्चमध्ये रुजू झालेली 26 वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट तरुणी जुलैत मरण पावली. तिच्या आईने संस्थेच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे संस्थेने मान्य केले नाही, आणि मृत्यूचे कारण ठरवणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. परंतु त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी तेथे गेले तेव्हा जे आढळले ते नमूद केलेच पाहिजे: ते कार्यालय 2007 पासून चालू होते आणि दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्याची नोंदणीच नव्हती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. सतरा वर्षे! कोपऱ्यावरच्या वाण्याची पाटी मराठीत आहे की नाही हे पाहणाऱ्या सरकारी डोळ्याला एवढी मोठी कचेरी दिसली नाही. 2017 च्या कायद्याने ‘निरीक्षक’ जाऊन ‘फॅसिलिटेटर’ आला. त्याने कोणाची सोय पाहावयाची, हे शब्दातच आले असावे.

यानंतर सरकारने जे केले, ते उलट दिशेचे आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील रोजचे तास 9 वरून 10 आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा 125 वरून 144 तास करण्यास मान्यता दिली. उद्योगाला मोकळीक हवी, हे आम्हांस समजते. पण वर जिचा हिशेब केला, त्या मुलीचे 144 तास सहा आठवड्यांत संपतात. उरलेले सात आठवडे ती कायद्याच्या बाहेर असते. नारायण मूर्ती यांनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याचे 70 तास काम करण्याचा आणि लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी 2025 च्या आरंभी 90 तासांचा उपदेश केला. 90 तासांच्या हिशेबाने तिमाहीची ही नवी, वाढीव मर्यादाही साडेतीन आठवड्यांत उलटून जाते. उपदेश करणाऱ्यांनी आपल्या उमेदीच्या काळी तसे काम केले असेल; त्यांचे त्यात भागभांडवल होते, येथे पोराच्या हाती काय आहे?

कष्टावाचून फळ नाही, हे आम्ही नाकारीत नाही. या तीन शहरांना तर ते सांगण्याची गरजच नाही; उल्हासनगरच्या दुकानदाराने चौदा तास गल्ल्यावर काढले आहेत, पण तो गल्ला त्याचा होता. शिवाय शरीराला हुद्दा कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 तास वा अधिक काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. इंग्रजीत ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात, त्या करपून जाण्याची नोंद याच आरोग्य संघटनेने 2019 मध्ये व्यवसायातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. हा कोणाच्या नाजूकपणाचा दोष नव्हे. सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत झोपणाऱ्या, कोणाशी धड न बोलणाऱ्या मुलाला “आजकालच्या पोरांना सहनशक्ती नाही” असे म्हणणारी वडील मंडळी आमच्या वाचकांतही असतील.

कचेरी सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क देणारे विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत मांडले. हेतू चांगला आहे. पण 1970 नंतर एकही खासगी विधेयक संसदेने संमत केलेले नाही, तेव्हा त्यावर फार विसंबता येत नाही. नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. लॅपटॉप किती वाजता उघडला, किती वाजता मिटला, दारावरच्या यंत्राला कार्ड किती वाजता लागले, हे प्रत्येक कंपनीला मिनिटामिनिटाने ठाऊक असते. पगार कापावयाचा असला की ही नोंद निघते. जादा तास मोजताना तीच नोंद कामगार खात्यापुढे ठेवण्याची सक्ती करावी. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला थांबवावयाचे तर तिची संमती, संरक्षण आणि वाहन यांची अट कायद्यात आहेच. ते वाहन बदलापूरच्या घरापर्यंत जाते की ठाण्याला सोडून मोकळे होते, हेही त्याच तपासणीत पाहता येईल.

आणखी एक गोष्ट. कायद्यातून वगळलेल्या पदांवर कोण आहेत, याची यादी आस्थापनेने प्रसिद्ध करावी आणि तिची प्रत खात्याकडे धाडावी, असे 2017 चा कायदाच सांगतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मतांवर विधानसभेत बसणाऱ्या आमदारांनी येत्या अधिवेशनात मुंबई, ठाणे आणि पुण्यातील सल्लागार कंपन्यांच्या या याद्या मागवाव्यात आणि त्यांत पंचविशीच्या आतले ‘व्यवस्थापक’ किती आहेत, ते मोजून सभागृहापुढे ठेवावे.